सुघोषाने दिलेला ठोका

फार पूर्वी वेणुवती नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका भेरीवादकाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव नंदिक. वयात आल्यावर तो राजाचा भेरीवादक झाला आणि सुघोष नावाच्या घोषकाबरोबर नगरात फिरू लागला. तिथली रीत अशी होती, की घोषकाने राजाज्ञेचे एक वाक्य म्हणावे आणि भेरीवादकाने त्यावर एक ठोका द्यावा. ठोका पडला की वाक्य राजाचे. नाही पडला, तर ती एका माणसाची बडबड.

एके वर्षी अमात्याने तलावाच्या काठी कापड रंगवण्याची शाळा काढली. तिचे सांडपाणी तलावात उतरू लागले. मासे पोट वर करून तरंगू लागले, तशी कुजबुज सुरू झाली. अमात्याने सुघोषाला बोलावून घेतले.

"तलावाचे पाणी निर्मळ आहे, एवढेच सांगायचे," अमात्य म्हणाला.

"पण स्वामी, मासे..."

"तू सांगणारा की पाणी तपासणारा? नीट सांगितलेस, तर पुढच्या उत्सवात दरबारात बसशील."

सुघोषाच्या घरी महिनाभर पाणी लांबच्या डोंगरझऱ्यावरून येत होते. तरी तो चौकात उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ऐका हो! तलावाचे पाणी निर्मळ आहे!"

ठोका पडला नाही. नंदिक काठी खाली धरून उभा होता.

"काय हो, भेरीवाल्याला डुलकी लागली का?" कोणीतरी ओरडले. लोक हसले.

"वाजव," सुघोष दातओठ खात पुटपुटला.

"हे वाक्य माझ्या हातून वाजणार नाही," नंदिक शांतपणे म्हणाला.

गर्दीतून सामा कुंभारीण पुढे आली. तिच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. "सुघोषदादा, तुम्ही पिता का हो हे पाणी?"

"पितो की!" सुघोष म्हणाला. त्याने नंदिकाच्या हातातली काठी हिसकावली आणि स्वतःच ठोका दिला.

नंदिकाची चाकरी त्याच दिवशी गेली. तो तलावाच्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणे, "हे पाणी पिऊ नका." लोक म्हणत, "चाकरी गेली, म्हणून बरळतोय." तेव्हा तो कोरड्या नदीत गेला आणि हातांनी वाळू उकरून पिण्याच्या पाण्यासाठी झिरे खणू लागला.

पंधरा दिवसांत कुंभारवाड्यात चार चिता पेटल्या. त्यांतली एक फारच लहान होती.

सुघोष सामाच्या घरी भेटायला गेला. सगळी जातात म्हणून गेला. सामाने त्याला बसायला पाट दिला.

"शेवटी शेवटी सारखे पाणी मागायची," ती म्हणाली. "मी पाजत होते. तुम्ही सांगितलेत, म्हणून धीर होता. आता तिचेच आयुष्य तोकडे, त्याला तुम्ही तरी काय करणार? घ्या दादा, पाणी घ्या. उन्हातून आलात."

तिने तांब्या पुढे केला. सुघोषाने तो हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. तिने शिवी दिली असती तर त्याला बरे वाटले असते. "तहान नाही," असे म्हणून त्याने तांब्या खाली ठेवला आणि मान वर न करता तो बाहेर पडला. चालता चालता त्याच्या ध्यानात आले, की आपण तिथेही खोटेच बोललो.

तो नदीत नंदिकापाशी गेला. नंदिकाचे हात कोपरापर्यंत वाळूत होते.

"मला तुझ्यासारखे चांगले जगता आले नाही," सुघोष म्हणाला. "आता काय करू?"

"ज्या चौकात बोललास, तिथे जाऊन खरे सांग."

"लोक दगड मारतील."

"मारतील."

"मग उपयोग काय?"

"उद्यापासून ते पाणी कोणी पिणार नाही," नंदिक म्हणाला आणि पुन्हा वाळू उपसू लागला.

सुघोष चौकात गेला. भेरी नव्हती, राजाज्ञा नव्हती. "पाणी विषारी आहे," तो म्हणाला. "मला ठाऊक होते. मी ते पीत नव्हतो." पहिला दगड सामाने उचलला. सुघोषाने तो चुकवला नाही. आणि त्या संध्याकाळी नगरातल्या बायका घडे घेऊन नदीच्या वाटेने गेल्या.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अमात्य तो आजचा देवदत्त. सामा आज विहाराच्या दारी धान्य निवडणारी उपासिका आहे. सुघोष म्हणजे हाच भिक्षू, ज्याने काल सोबत्याला तापाने फणफणलेला पाहूनही 'तो बरा आहे' असे संघाला सांगितले आणि जो आता मान खाली घालून बसला आहे. नंदिक मी होतो. या भिक्षूची मान खाली आहे, म्हणून त्याला हसू नका. माणसाला पुन्हा चौकात नेऊन उभे करणाऱ्या या गुणाचे नाव लज्जा."