पडद्यावरचा खंड्या

“कोणता घेऊ, भन्ते?”

शीलवंत नागपूरहून थेट गावच्या विहारात आला होता. चपला काढल्या, मूर्तीपुढे वंदन केलं, आणि बसायच्या आधीच लॅपटॉप भन्तेंच्या पुढ्यात ठेवला.

“काय घ्यायचंय?”

“लिनक्सचा डिस्ट्रो. ज्यात कुठल्याही प्रोग्रामचा सोर्स चटकन हाती येतो, असा.”

कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स एकच, पण ते बांधून देणारे अनेक. प्रत्येकाच्या गाठोड्याला डिस्ट्रो म्हणतात. आणि सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेल्या मूळ ओळी, ज्यांच्यापासून प्रोग्राम तयार होतो.

“कुठले पाहिलेस?”

“सगळे,” शीलवंत ताठ होऊन म्हणाला. “डेबियनमध्ये एका कमांडवर सोर्स उतरतो, पण आधी एक सेटिंग बदलावं लागतं. जेंटूत सगळं आपल्याच मशीनवर सोर्सपासून बांधायचं, त्यात फार वेळ जातो. स्लॅकवेअरमध्ये सोर्स सोबतच मिळतो, पण बाकीचं आपणच सांभाळायचं. कॉलेजात याबद्दल मलाच विचारतात, भन्ते.”

“विचारणारच. आणि वाचलास कुठला सोर्स?”

शीलवंत लॅपटॉपचं झाकण बाहीनं पुसू लागला.

“रेवतचा?”

...

रेवत त्याचा मोठा भाऊ. याच विहारात तो मुलांना टायपिंग शिकवायचा. टायपिंगच्या एका प्रोग्रामात त्यानं एक खंड्या घातला होता. धडा पूर्ण झाला की तो निळा पक्षी पडद्यावरून उडत जायचा. प्रोग्राम बनवणाऱ्यांना तो आवडला, त्यांनी ठेवून घेतला. आता तो सगळ्या डिस्ट्रोंत उडतो.

रेवत मागच्या उन्हाळ्यात वारला.

भन्तेंनी विहारातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक कमांड लिहिली. सोर्स उतरला. त्यांनी त्यातली खंड्याची फाइल उघडली आणि खुर्ची रिकामी केली.

“बस.”

शीलवंत उभाच राहिला.

“यात जुनी आवृत्ती असेल, भन्ते. दुसऱ्या डिस्ट्रोत...”

“तिथला खंड्या वेगळा उडतो?”

“नाही.”

“मग?”

शीलवंतनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. वर पंखा कुरकुरत होता.

“एकदा वाचलं की संपलं, भन्ते. मग दादाचं नवीन असं काहीच उरणार नाही.”

भन्ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि टायपिंगचा धडा सुरू केला. दोन बोटांनी, मान खाली घालून, एकेक अक्षर शोधत. शेवटचं अक्षर दाबलं. मान वर केली.

पडदा रिकामा होता.

“उडाला?”

“उडाला.”

“मला नाही दिसला. उत्पलालाही दिसत नाही. टायपिंगला येणाऱ्या पोरांत सगळ्यांत लहान आहे ती. कीबोर्डकडे बघूनच टाइप करते. बाकीची पोरं खंड्या, खंड्या ओरडतात, तेव्हा ही मान वर करते. काल मला म्हणाली, भन्ते, खंड्या नाहीच आहे, हे मला उगाच चिडवतात.”

“पण खंड्या असाच जातो!” शीलवंतचा आवाज चढला. “भर्रकन. दादा तलावावर तासन्‌तास बसून बघायचा. बघूनच त्यानं वेग ठरवलाय.”

“हो. मी असायचो सोबत.”

भन्ते पुन्हा उठले.

या वेळी शीलवंत बसला. वाचू लागला... सावकाश, ओळीवर बोट ठेवून, लहान मुलं वाचतात तसा. मध्येच एकदा हसला. मग डोळे पुसले. एका ओळीशी येऊन त्याचं बोट थांबलं. त्या ओळीत फक्त एक आकडा होता. उडण्याचा वेग.

“ही.”

भन्तेंनी वाकून पाहिलं.

“ही दादाची ओळ आहे, भन्ते. मी ती बदलून वेग कमी केला, तर त्याचं काय राहील?”

भन्तेंनी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. चीवर खांद्यावर नीट घेतलं आणि दारापर्यंत गेले. तिथं थांबले.

“उत्पला पाच वाजता येते.”