वस्ताद बसले का?

"मग हिच्यात अजून काय कमी आहे, तेवढं तरी सांगा."

वस्तादांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि सावकाश रिकामी केली.

हेरंब नाडगौडाने हा प्रश्न त्या दुपारी तिसऱ्यांदा विचारला होता. समोर त्याची लाल गाडी उभी होती, दोनच जणांची, छप्पर मागे टाकता येणारी, पंचेचाळीस वर्षांची स्पोर्ट्स कार. चार वर्षांतला एकही रविवार त्याने घरच्यांना दिला नव्हता. मिस्त्री म्हणून कुणाचा हात गाडीला लागू दिला नव्हता. सगळे स्वतः, पुस्तके वाचून आणि व्हिडिओ बघून. तसा तो पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचा मुख्य होता, त्यामुळे आपल्याला यंत्रातले कळते याबद्दल त्याला शंका नव्हती. इतरांना असली तरी ते बोलत नसत.

आता रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती, आणि घरी दुरुस्त केलेल्या गाडीला त्या फेरीत घ्यायचे की नाही हे एका माणसावर ठरायचे. फेरी काढणाऱ्या मंडळाचे लोक कागद मागत नसत. ते एवढेच विचारत, "वस्ताद बसले का?"

मीरासाहेब शिकलगार, वय अठ्ठ्याहत्तर. उद्यमनगरात त्यांचे पत्र्याचे गॅरेज. गाडीवाल्याने गाडी पन्हाळ्यावर चढवून न्यायची, वस्ताद एसटीने वर यायचे, आणि मन झाले तर गाडीत बसून खाली उतरायचे. चढणीला ते कधीच कुणाच्या गाडीत बसत नसत. चढताना गाडीचा जोर कळतो, तो बघायला मी कशाला पाहिजे, असे म्हणत.

गेल्या वर्षी हेरंबची गाडी झोकात वर चढली होती. वस्तादांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, काहीतरी विचारले, हेरंबने हसून काहीतरी उत्तर दिले, आणि वस्ताद एसटीने निघून गेले.

ते हेरंबला फार लागले होते. बायकोजवळही तो ते बोलला नव्हता, पण वर्षभर त्याच्या मनातून ते गेले नाही.

गाडीतच काही कमी असणार, असे त्याने ठरवले. मग मोठा कार्ब्युरेटर आला. धूर सोडायचा चकचकीत एक्झॉस्ट पाइप आला. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे, कारण एवढे सगळे केल्यावर गाडी पन्हाळा चढेनाशीच झाली. वाघबिळाच्या पुढे दुसऱ्या वळणावर ती गप्प व्हायची. अर्धा तास थांबले की मुकाट चालू व्हायची, आणि पुढच्या वळणावर पुन्हा गप्प. हेरंबने कॉइल बदलली, प्लग बदलले, बॅटरी बदलली. आपला हात सोडून सगळ्यांवर त्याने संशय घेतला.

म्हणून आज, गुरुवारी, रजा टाकून तो गॅरेजात आला होता.

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

"काढलेलं सामान कुठाय?"

"काढलेलं?"

"गाडीतनं जे जे काढलंस ते. आमच्यात गिऱ्हाइकाला जुना माल पिशवीत बांधून देत्यात. तुझा तूच मिस्त्री आन् तूच गिऱ्हाईक. मग पिशवी आसंलच की."

होती. पिशवी नव्हे, पोते होते. भंगारवाल्याला द्यायचे म्हणून दोन महिने जिन्याखाली पडले होते आणि त्यावरून घरात रोज कुरबुर चालायची. हेरंब जाऊन घेऊन आला. मनातून तो खट्टू झाला होता. नव्या गाडीकडे बघायचे सोडून म्हातारा भंगार चिवडत बसणार, असे त्याला वाटले.

वस्तादांनी पोते फरशीवर ओतले.

"मोडलेलं ह्या अंगाला. धड हाय ते त्या अंगाला."

हेरंब उकिडवा बसला. जुना कार्ब्युरेटर हातात घेतला. मोडलेला नव्हता, पण छोटा होता. त्या अंगाला गेला. डायनॅमो चालत होता. त्या अंगाला. ड्रम ब्रेक घासलेले होते, ते या अंगाला. एक चिरलेला पट्टा या अंगाला. पुढचे सगळे त्या अंगाला जात राहिले. ढीग वाढत चालला तसा हेरंबचा हात मंदावला.

वस्ताद नुसते बघत होते. त्यांनी काही म्हटले असते तर बरे झाले असते.

शेवटी पोत्याच्या तळातून एक वाकडा पत्रा निघाला. वीतभर लांब, काळा पडलेला, दोन भोके असलेला.

"ह्यो?"

"हा गाडीचा नाहीच," हेरंब म्हणाला. "पुस्तकात कुठेच नाही. कुणीतरी अडाणी मिस्त्रीने तेलाचा डबा कापून ठोकला होता, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाशेजारी. नवा एक्झॉस्ट बसवताना मध्ये येत होता, म्हणून काढला."

"अडाणीच आसंल," वस्ताद म्हणाले.

त्यांनी पत्रा उचलला. गुडघ्यावर ठेवून तळहाताने दाबला, एका कडेला थोडा बाक दिला. मग उठले, बॉनेट उघडले आणि आत हात घातला. हेरंबने टॉर्च पुढे केली तर मानेनेच नको म्हणाले. त्यांचे डोळे बाहेर रस्त्याकडे होते. आत बोटांनी भोके शोधली, दोन बोल्ट घातले, हात बाहेर आला तेव्हा पत्रा जागेवर होता. एका बाजूला तापणारा एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला पंप, आणि मध्ये तो.

हेरंब बघत राहिला.

चढणीला एक्झॉस्ट लालभडक तापतो. शेजारी पंप, आणि मध्ये झळ अडवायला काही नाही. पंपातल्या पंपात पेट्रोल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. गाडी गप्प. अर्ध्या तासात सगळे निवते, गाडी चालू. शाळेतल्या पोराला कळावे इतके सोपे होते. आणि हा पंपांचा साहेब.

मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. न बघता ती भोके सापडायची तर ज्याने ती पाडली त्यालाच सापडतील. ही गाडी आधी डॉक्टर सबनीसांची होती, आणि डॉक्टरांच्या गाड्या कुठल्या गॅरेजात यायच्या हे साऱ्या गावाला माहीत होते.

हेरंबचे कान तापले. "वस्ताद, मी मघाशी जे बोललो..."

"तू हो म्होरं," वस्ताद हात पुसत म्हणाले. "मी मागनं यष्टीनं येतो."

एप्रिलचे ऊन होते. वाघबीळ आले. पहिले वळण, दुसरे वळण. हेरंबने श्वास धरून ठेवला होता. गाडी थांबली नाही. तिसऱ्या वळणावर त्याने गिअर खाली घेतला आणि ती अशी सुटली की त्याला एकट्यालाच हसू फुटले. चार वर्षांचे रविवार कुठे गेले, याचे उत्तर इंजिनच्या त्या मोठ्या आवाजात होते. इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

वर नाक्यापाशी झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत. तिथे सपाट जागा बघून त्याने गाडी लावली. पाऊण तासाने एसटी आली, वस्ताद उतरले.

हेरंबने धावत जाऊन चहा सांगितला. गाडी एकदाही थांबली नाही हे दोनदा सांगितले. मग डाव्या बाजूचे दार उघडून उभा राहिला. वस्तादांनी बसायचे, खाली उतरायचे, संध्याकाळी मंडळात नाव द्यायचे. एवढेच उरले होते.

वस्ताद बसले नाहीत. बाकड्यावर टेकले.

"ब्रेक कुणी बशिवलं?"

"मीच. चारही चाकांना डिस्क."

"बघितलंस?"

'बघायचंय काय त्यात' असे शब्द हेरंबच्या ओठांवर आले, आणि तिथेच अडकले. गेल्या वर्षी जुन्या ब्रेकांबद्दलही वस्तादांनी हेच विचारले होते, आणि त्याने हसून हेच उत्तर दिले होते. आत्ता त्याला ते आठवले.

वस्ताद खाली दरीकडे बघत होते. त्यांना उत्तराची घाई नव्हती.

हेरंबने उघड्या दाराकडे पाहिले. तिथल्या बैठकीवर त्याला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बसलेला दिसला, आणि पुढे ते तिसरे वळण, जिथे कठडा कमरेइतकाही नाही. चार वर्षे तो एकटाच या गाडीत बसत आला होता. एकट्याचे एवढे काही वाटत नसे.

फेब्रुवारीतला एक रविवार त्याला आठवला. पुढच्या उजव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे तबकडीला आवळून धरणारा ब्रेकचा जबडा, तो बसवत होता. त्याला दोन बोल्ट. पहिला पान्याने आवळला. दुसरा बोटांनी फिरवला आणि कारखान्यातून फोन आला. फोन झाल्यावर...

फोन झाल्यावर काय केले, ते काही केल्या आठवेना.

आजवर काही झाले नाही म्हणजे घट्टच असणार, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. नुसते हो म्हटले असते तरी चालले असते. वस्ताद काही वाकून बघणार नव्हते. रविवारची फेरी त्या एका 'हो'च्या पलीकडे उभी होती.

"वस्ताद..." तो म्हणाला. "पुढच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट आवळला की नाही, मला आठवत नाही."

वस्तादांनी मान हलवली. ना होकाराची, ना नकाराची, नुसतीच हलवली.

हेरंबने डिकीतून जॅक काढला. मागच्या चाकांना दगड लावले. अंगात खास आजच्यासाठी घातलेला पांढरा शर्ट होता, तो घेऊनच मातीत आडवा झाला. भाकरीवाल्या मावशी थापता थापता थांबून बघू लागल्या.

चाक निघाले. पाना लावला. बोल्ट घट्ट होता. तसूभर हलला नाही.

त्याने मोठा श्वास सोडला. आता उठून हात झटकले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण त्याने ते चाक बसवून डावे काढले. तेही घट्ट. मग मागचे उजवे. घट्ट.

मागच्या डाव्याबद्दल त्याला पक्की खात्री होती. ते त्याने अगदी शेवटी, निवांत बसून, दोनदा तपासून बसवले होते. तिथे पाना लावला आणि बोल्ट पाव फेरा फिरला.

हेरंब तसाच पडून राहिला.

बोल्ट आवळला. बाकीचे पुन्हा एकदा बघितले. चाक चढवले, जॅक उतरवला. या सगळ्यात तास गेला. दोनदा चहा झाला. वस्ताद जागचे हलले नव्हते, मध्येच डोळे मिटून बसले होते.

हेरंब त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. शर्टाची पाठ तांबडी झाली होती, हात काळे.

"ज्याची शंका होती तो नीट निघाला," तो म्हणाला. "ज्याची खात्री होती तो सैल."

"आवळलास?"

"आवळला," तो म्हणाला. "पण अजून कुठेकुठे माझी अशी खात्री आहे, ते मला ठाऊक नाही. वस्ताद, तुम्ही एसटीनेच जा. आज मी एकटा हळू उतरतो. घरी जाऊन सगळी गाडी पहिल्यापासून बघतो."

"आन् रविवार?"

"रविवार पुढच्या वर्षीही आहे."

त्याने काळे हात शर्टालाच पुसले.

समोर थांब्यावर परतीची एसटी उभी होती. निम्मी रिकामी होती. कंडक्टर पायरीवर उभा राहून 'कोल्हापूर, कोल्हापूर' ओरडत होता. हेरंबने वस्तादांची पिशवी उचलली आणि बसकडे दोन पावले टाकली.

मागे दार लागल्याचा आवाज झाला.

वळून बघतो तो वस्ताद लाल गाडीत बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, एक हात दारावर टाकलेला.

"वस्ताद," हेरंब म्हणाला, "एसटी तिकडे आहे."

वस्तादांनी समोरच्या बसकडे नीट बघून घेतले. कंडक्टरकडेही बघितले.

"यष्टी तर कवाच गेली की रं."