इंजिनसाहेबांचा हार

गाडीचे भाग आपसात भांडायचे आणि माणसांना ते ऐकायला सवड असायची, त्या काळातली ही गोष्ट. कोल्हापुरात निवृत्ती मिस्त्रींनी एक जुनी, लाल, दोन सीटांची गाडी शर्यतीसाठी तयार करायला घेतली. सगळे लाड इंजिनाचे झाले. नवे पिस्टन आले, नवा कार्बोरेटर आला. खंडेनवमीला झेंडूचा हारही बॉनेटवरच चढला. ब्रेकचे झिजलेले लायनर मात्र तसेच राहिले.

"गाडी पळते ती माझ्यामुळे आणि अडते ती तुझ्यामुळे," इंजिन ब्रेकला म्हणालं. "लाज नाही वाटत?"

"वाटते ना, साहेब," ब्रेक म्हणाला.

सराव सुरू झाला. इंजिन नुसतं गरजत होतं. पण ब्रेक वेळेवर लागेल याची मिस्त्रींना खात्री नव्हती, म्हणून वळण लांब असतानाच ते अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचे. फेरीला पूर्वीइतकाच वेळ लागायचा. शेवटी वैतागून त्यांनी ब्रेकला नवे लायनर घातले, आणि दुसऱ्या दिवशी फेरी सहा सेकंद लवकर संपली.

इंजिन धापा टाकत म्हणालं, "अरे, तू केलंस तरी काय?"

"मी कसलं काय करतोय, साहेब! मिस्त्रींना माझा भरवसा वाटला, म्हणून त्यांनी तुम्हाला जरा जास्त वेळ पळू दिलं."

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्री हार घेऊन आले, आणि बॉनेटपाशी न थांबता सरळ गाडीखाली सरपटत शिरले.

"अहो मिस्त्री," बॉनेटखालून आवाज आला, "मी इकडे आहे!"