परसातला पुरलेला रांजण

माळावर वसलेल्या एका गावात तुळसाबाई राहत होती, आणि तिला रिकामं भांडं बघवत नसे. घागर उपडी दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. लोक हसायचे. "हिच्या डोक्यावर पाऊस कोसळत असला तरी ही पागोळीखाली वाटी मांडील," म्हणायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? एका दुष्काळी उन्हाळ्यात तिची धाकटी लेक तापाने फणफणली होती, पाणी पाणी करत होती, आणि घरात ओठ ओले करायलाही थेंब नव्हता. तुळसाबाई तांब्या घेऊन दारोदार फिरली. परत आली तेव्हा पोर गेली होती.

तेव्हापासून तिच्या परसात, कडब्याच्या गंजीमागे, एक मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. विहिरीवर पाळी आली की एखादी खेप ती गुपचूप त्यात रिकामी करायची. वर गोणपाट टाकलेलं असे, आणि पाणीही ती त्याच्यावरूनच, अंधारात ओतायची. ते पाणी ती कधी वापरत नव्हती. नुसतं आहे, एवढ्यावर तिला झोप लागायची. या रांजणाची खबर गावात कुणालाच नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात तिची थोरली लेक शेवंता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तुळसाबाईला आनंद झाला, पण सुख काही लागेना. दिवेलागणीला परसात डासांचे थवे उठायचे. उकाड्याने घरात बसवत नव्हतं आणि बाहेर बाज टाकली की डास फोडून काढायचे. तिने कडुनिंबाचा पाला जाळला, गोवऱ्यांचा धूर केला. धुराने माणसं खोकून बेजार झाली, डास मात्र जागच्या जागी. मग तिने शेजारणीवर तोंड सोडलं.

"कौसाबाई, तुझ्या शेळ्यांच्या पाण्याच्या डोणीनं झालंय हे समदं! पोटुशी लेक हाय माझ्या घरात. जरा तरी लाज धर."

कौसाबाई स्वभावाने गरीब. तिने त्याच दिवशी शेळ्यांची डोण उपडी घातली, राखेने घासली, उन्हात टाकली. डास काही कमी झाले नाहीत.

पुढे गावात ताप सुरू झाला. तालुक्याहून नर्सबाई आल्या आणि त्यांनी बायकांना चावडीपुढे गोळा केलं. "ताप आणणारे हे डास घाणीत होत नाहीत, साठवलेल्या चांगल्या पाण्यात होतात," त्या म्हणाल्या. "आठवड्यातला एक दिवस ठरवा. पाणी गाळून घ्या, भांडी घासा, उन्हात कोरडी करा. एका घरात जरी राहून गेलं, तरी सगळ्यांची मेहनत वाया."

कोरडी हा शब्द ऐकून तुळसाबाईला गंजीमागचा रांजण आठवला.

ठरल्या दिवशी बायका घरोघरी फिरल्या. तुळसाबाईने हंडे, घागरी, माठ, सगळं आपणहून घासून अंगणात मांडलं होतं. तिच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. कौसाबाईने सहज विचारलं, "परसात आनखी काय हाय का, तुळसाबाई?"

रांजण दाखवला असता तर काय बिघडलं असतं? बायकांनी पाणी गाळून दिलं असतं, आत हात घालून रांजण घासून दिला असता. फार तर कुणी घागरभर पाणी मागितलं असतं. पण तिला धास्ती त्या घागरीचीच होती. विहिरीचा तळ दिसायला लागला होता. एकीला दिलं की सगळा गाव दारात येईल, आणि शेवंताच्या वेळेला रांजणात काही उरणार नाही. पुन्हा तांब्या घेऊन दारोदार फिरायचं तिच्यात बळ नव्हतं.

"काय बी नाय," ती म्हणाली.

"बघून घेऊ का एकदा?"

"कशाला? माझ्या शेवंताची आण."

लेकीची आण आई खोटी घेत नाही, असं धरून बायका पुढच्या घराकडे गेल्या.

थोड्याच दिवसांत शेवंताला ताप भरला. खोट्या आणेमुळे भरला असं वाटून तुळसाबाईने देवापुढे नाक घासलं, नवस बोलली. आणेने कुणाला ताप येत नाही, डासाने येतो. पण गंजीमागे जाऊन गोणपाट उचलून बघावं, एवढं मात्र तिला सुचलं नाही.

एका दुपारी शेवंता तळमळायला लागली. "माय, पाणी." घरातला माठ तळाला गेला होता. तुळसाबाईच्या मनात आलं, याच घटकेसाठी तर आपण एवढं जपलं! ती तांब्या घेऊन परसात धावली आणि तिने गोणपाट ओढलं. ते मधोमध कुजून फाटलं होतं. डासांचा लोट तिच्या तोंडावर आला. खाली पाणी होतं, काठोकाठ, आणि सगळं अळ्यांनी वळवळत होतं.

तांब्या तिच्या हातून पडला. घरातून लेक हाक मारत होती. तुळसाबाई कुंपणाशी गेली आणि ओरडली, "कौसाबाई, पाणी दे गं!"

कौसाबाईने आपल्या घागरीतलं पाणी आणून शेवंताला पाजलं. डोणीचं काही काढलं नाही. तिनेच गाडी बघितली आणि शेवंताला दवाखान्यात नेलं. लेक वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही.

घरी आल्यावर तुळसाबाईने लेकीला सगळं सांगितलं. न सांगता तिला राहवेना. शेवंता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी तुळसाबाई भीत भीत म्हणाली, "पाणी देऊ का गं?"

"तू नको देऊस," शेवंता म्हणाली. "कौसामावशीला सांग."

तुळसाबाई उठून परसात गेली. बादली घेऊन ती रांजण उपसत राहिली. तापलेल्या भुईवर ओतलेलं पाणी कुंपणाखालून कौसाबाईच्या दारापुढे वाहत गेलं. एवढ्या टंचाईत एवढं पाणी कुठून आलं ते साऱ्या गल्लीने पाहिलं. कुणीतरी शिव्या द्याव्यात असं तुळसाबाईला वाटत होतं.

त्या परसात पुन्हा डास झाले नाहीत. शेवंताही पुन्हा कधी उन्हाळ्यात माहेरी आली नाही.

तात्पर्य: जुन्या दुःखाने माणसाने जपून वागावं, पण चोरून साठवू नये; जे शेजाऱ्याला दाखवायची भीती वाटते, ते आपल्याच लेकराला बाधतं.