हेस्टरबाईंचा शीण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. इंग्लंडातल्या या चिमुकल्या खेड्यात कुणालाही विचारलं तरी "आजोबांच्याही आधीची" एवढंच सांगतात. मला इथे येऊन तीस वर्षं झाली, तरी तेच सांगतात. गावाचं नाव नेदर ऑल्डन. तेव्हा घरं एकोणीस होती, आज बावीस आहेत. म्हणजे घाई इथे कुणालाच नाही.

गावाला स्वतःचं चर्च नव्हतं. लग्न, नामकरण, दफन, सगळं टेकडीपलीकडच्या गावात. तिकडची पायवाट जमीनदाराच्या शेतातून जायची आणि ती त्याच्या डोळ्यांत खुपायची. त्याने बजावलं, "ज्या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत या वाटेवर गावातलं एकही पाऊल पडणार नाही, त्या दिवशी मी कुंपण घालीन." न्यायाधीशानेही मान डोलावली. मोठ्यांचं मोठ्यांना पटतं.

कुंपण घातलं गेलं की सात मैलांचा वळसा. लोकांची धुणी धुणाऱ्या हेस्टर पिमला तो झेपणारा नव्हता. तिची सहा वर्षांची मॉड पलीकडच्या दफनभूमीत होती, आणि हेस्टर रोज कामं उरकून लेकीशी दोन शब्द बोलून यायची.

सुरुवातीला गावाने पाळ्या लावल्या. मग गवतकापणी आली, मग थंडी आली, मग कुणाचा गुडघा धरला. आणि हेस्टर तर रोज जातेच आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. पाळ्या बंद पडल्या. ती एकटी चाळीस वर्षं चालली. तिच्या पावलांखाली दगड झिजून गुळगुळीत झाले, असं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, कुणाला दया नाही आली? आली की. पण इथे राहणं म्हणजे काय, ते ऐका. माणसं वाईट नाहीत, भिडस्त आहेत. "आज मी जातो" म्हटलं तर तिला म्हातारी म्हटल्यासारखं होईल, म्हणून कुणी म्हटलं नाही. "आज तुम्ही जा" म्हटलं तर लोकांना त्रास होईल, म्हणून तीही बोलली नाही. पाय सुजले, कंबर वाकली. परतताना ती गावाच्या वेशीशी धापा टाकत टेकलेली असायची. समोरचा टोपी काढून म्हणायचा, "वारा आहे जरा आज." ती म्हणायची, "आहे खरा." झालं बोलणं. मला या गावाचा कधीकधी फार राग येतो.

एका जानेवारीत गुडघाभर बर्फ पडलं. दुपार झाली तरी हेस्टरच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. शेजारच्या विनिफ्रेडला हे सकाळीच दिसलं होतं, पण उगाच चौकशी कशाला म्हणून ती थांबली होती. शेवटी तिने दार ढकललं. हेस्टर अंथरुणात होती, डोळे उघडे.

"विनी, मी दमले गं," ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि गेली.

वाटेवर अजून पाऊल पडलं नव्हतं. पलीकडे जमीनदाराचा माणूस मावळतीकडे डोळे लावून बसला होता. लोक विनिफ्रेडला म्हणाले, तू जाऊन ये, तेवढ्याने भागेल.

"मी एकटी गेले तर उद्यापासून रोज मीच जाईन, आणि तुम्ही टोप्या काढाल," विनिफ्रेड म्हणाली. "सगळे चला. हिलाही घ्या, लेकीपाशी नेऊ."

शवपेटी करायला वेळ नव्हता. हेस्टरच्याच घराचं दार काढलं, त्यावर तिला निजवलं आणि अख्खं गाव निघालं. बाई चिमणीएवढी, पण दार पावलागणिक जड होत गेलं. चाळीस वर्षांचा शीण तिच्या अंगातून उतरून उचलणाऱ्यांच्या अंगात शिरत होता, असं म्हणतात. धडधाकट लोहार रडू लागला. जमीनदाराचा माणूसही उठला आणि त्याने एक कोपरा धरला. शेवटचं माणूस पलीकडे पोचेपर्यंत सूर्य टेकडीवर अडून राहिला, असंही म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या, त्या पुन्हा मोडल्या नाहीत. पुढे जमीनदार थकला, वाट राहिली.

अजूनही दर जानेवारीत गाव एक रिकामं दार खांद्यावर घेऊन ती वाट चालतं. नियम एकच. जड झालं की तोंडाने सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे खांदा द्यायचा. त्या दिवशी भीड चालत नाही. पहिल्या वर्षी मी संकोचाने अर्ध्या वाटेपर्यंत ओठ आवळून चालले. मग माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "दमले बाई." कुणाला एक अक्षर कळलं नसेल. माझ्या खांद्यावरचं दार मात्र त्याच क्षणी चार जणांनी उचललं.