मानपत्राचा अर्थ

सामान्य माणसाला कळेल अशा कवितेसाठीचा पुरस्कार यंदा ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या कुंदाताई ढवळेंना जाहीर झाला. समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य अष्टेकर यांना ही निवड मुळीच पटली नव्हती. तरी मानपत्र त्यांनीच लिहिलं होतं, आणि आता ते खड्या आवाजात वाचत होते, "आपली अनलंकृत अभिव्यक्ती जनमानसातील अव्यक्त संवेदनांना शब्दरूप प्रदान करते..."

कुंदाताई पार गोंधळल्या. हे कौतुक म्हणायचं की कानउघाडणी? टाळ्या वाजवायच्या का, हे श्रोत्यांनाही समजेना.

"ताईंना रागावतायत काय हो?" मागून कुणीतरी विचारलं.

अष्टेकर थांबले. "पाहिलंत? गहन विचार साध्या भाषेत मावत नाही. मावतो म्हणत असाल, तर बाई, हे मानपत्र साध्या भाषेत होऊन जाऊ दे. नाही जमलं, तर पुरस्कार परत!"

कुंदाताईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग नजर वर करून त्या म्हणाल्या, "सर, मला काहीच कळलं नाही हो. तुम्हाला तरी कळलंय का, यात काय लिहिलंय?"

"म्हणजे काय!" अष्टेकर उसळले. "अहो, तुम्ही साधं लिहिता. लोकांच्या मनात असतं पण बोलता येत नाही, ते तुम्ही बोलता. वाचणाऱ्याला वाटतं, हे तर माझंच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कशासाठी, ते कळेना म्हणून अष्टेकर भांबावून इकडेतिकडे पाहू लागले.

"मावलं की हो, सर," कुंदाताई म्हणाल्या. "आता शाल घालताय ना?"