मानाची तिवई

भावा, आपल्या सरपंचाला म्हणावं, खुर्ची तुझी अन् श्रमदान आमचं, हे चालायचं नाही. काँगोत गोऱ्या साहेबाचंबी चाललं नव्हतं. ऐन पेरणीत तो गावात आला अन् मुखिया कसोंगोच्या मानाच्या तिवईवर खुशाल बसला. "आता मुखिया मीच. पेरणी ऱ्हाऊ द्या, सगळे रस्ता खणायला चला."

पेरणी चुकली की गाव उपाशी. पण कसोंगो गडी वस्ताद. अदबीनं म्हणाला, "चला की, मुखियासाहेब. आमच्यात तिवईवरचा माणूस पहिली कुदळ मारतो. तो थांबला की गाव थांबतं." अन् कुदळ पुढं धरली.

साहेब इंगळी डसल्यागत उठला. "मुखिया तूच."

"मग आधी पेरणी," म्हणत कसोंगो कुदळ घेऊन शेताकडं निघाला. मागं सगळं गाव.

उद्या तूबी सरपंचापुढं अशीच कुदळ धर.